पन्नास वर्षांनंतर ऐकलेला इतिहास

सुवर्णमहोत्सव म्हटला की कृतज्ञता, आठवणी आणि समाधान यांचा त्रिवेणी संगम डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु एका घटनेचा सुवर्णमहोत्सव एकाच शहरात दोन ठिकाणी आणि अगदी परस्परविरुद्ध अर्थांनी साजरा झाल्याचे उदाहरण इतिहासात क्वचितच सापडेल. शहर होते लंडन, साल १९०७ आणि घटना १८५७ चा उठाव.

त्यातील एक सोहळा मोठा होता. २३ डिसेंबर १९०७ रोजी लंडनच्या भव्य अल्बर्ट हॉलमध्ये १८५७ च्या युद्धात लढलेल्या व तोवर हयात असलेल्या वृद्ध इंग्रज सैनिकांना सन्मानाने भोजनास पाचारण करण्यात आले होते. तरुणपणी त्याच युद्धात पराक्रम गाजवून व्हिक्टोरिया क्रॉस मिळविलेले फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स तेथे उपस्थित होते. हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन होते. कवी रुडयार्ड किपलिंग याने त्या प्रसंगासाठी खास कविता रचली होती. म्हाताऱ्या सैनिकांना पाहून सभागृहाचा कंठ दाटून आला असेल, यात नवल नाही. साम्राज्य वाचविणाऱ्यांचे ते कौतुक होते.

दुसरा सोहळा त्याच वर्षीच्या १० मे रोजी, मीरतच्या उठावाच्या पन्नासाव्या वार्षिक दिनी, मूठभर हिंदी विद्यार्थ्यांनी केला. त्याला ना राजमान्यता होती ना भव्य सभागृह. हिंदुस्थानात तर त्या दिवसाची सरकारला एवढी धास्ती वाटत होती, की आदल्याच दिवशी, ९ मे १९०७ रोजी, लाहोरमध्ये लाला लजपतराय यांना पकडून मंडालेस हद्दपार करण्यात आले. लंडनमधील विद्यार्थ्यांनी मात्र बहादुरशहा, नानासाहेब, लक्ष्मीबाई, मौलवी अहमदशहा, कुंवरसिंह यांची नावे उघडपणे उच्चारली. इंग्रजी पुस्तकांत जी नावे बंडखोर व खुनी म्हणूनच येत, ती तेथे हुतात्म्यांची नावे म्हणून घेतली गेली. पुढच्या वर्षी, १० मे १९०८ रोजी, हा कार्यक्रम अधिक थाटाने झाला. ज्या घरात तो झाला, तेथेच रविवारच्या सभांतून एका अप्रकाशित ग्रंथाची प्रकरणे स्वतः ग्रंथकार वाचून दाखवीत असे. त्या वाचनांची हकिकत वाचकांपुढे ठेवण्याचे येथे योजिले आहे.

ती सांगण्यापूर्वी १८५७ चा इतिहास आपल्याकडे कोणत्या स्थितीत होता, हे पाहणे अगत्याचे आहे. आज शाळेतील मुलालाही मंगल पांडे ठाऊक असतो. त्यामुळे पन्नास वर्षांपर्यंत ही कथा दडपलेली होती, हे सांगूनही खरे वाटत नाही. महाराष्ट्रात या उठावाच्या ठिणग्या पडल्या नव्हत्या असे नाही. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरात २७ व्या पलटणीने उठाव केला. छत्रपतींचे बंधू चिमासाहेब यांना संशयावरून कराचीस नेऊन ठेवण्यात आले आणि तेथेच १८६९ मध्ये त्यांचा अंत झाला. साताऱ्यास ८ सप्टेंबर १८५७ रोजी १७ जणांना देहान्त शासन झाले. त्यांत रंगो बापूजी गुप्ते यांचा पुत्र सीताराम होता. स्वतः रंगो बापूजी, ज्यांनी सातारच्या पदच्युत छत्रपतींची बाजू मांडण्यासाठी सुमारे १४ वर्षे लंडनमध्ये काढली होती, ते असे अदृश्य झाले की इंग्रजांना अखेरपर्यंत सापडले नाहीत. नरगुंदचे बाबासाहेब भावे यांना १२ जून १८५८ रोजी बेळगावात फाशी देण्यात आले. या सर्व घटना ज्यांच्या गावी घडल्या, त्या लोकांनी त्या पाहिल्या होत्या. पण पाहिलेले लिहून ठेवणे ही गोष्ट वेगळी. ज्या घरातील पुरुष फासावर गेला, त्या घरात त्याचे नाव मोठ्याने घेण्यासही माणसे कचरत.

या भीतीचा एक बोलका पुरावा मराठी वाङ्मयातच आहे. पेणजवळील वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक ब्राह्मण. घरावरील कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळावी, बायजाबाई शिंदे यांच्या नियोजित यज्ञास जावे, या साध्या हेतूने ते १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि नकळत वणव्यात सापडले. झाशीच्या वेढ्यात ते शहरात होते. राणी लक्ष्मीबाईंचा दरबार त्यांनी पाहिला, ह्यू रोजच्या फौजेने केलेली शहराची लूट व कत्तल पाहिली, मिळविलेले द्रव्य गमावले आणि आईवडिलांसाठी गंगेची कावड मात्र खांद्यावरून घरी आणली. हा सारा वृत्तान्त त्यांनी चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून १८८३ च्या सुमारास लिहून काढला. पण तो आपल्या हयातीत छापला जाऊ नये असेच त्यांना वाटत होते. भटजींनी ना तलवार उपसली होती, ना कट केला होता. नुसते पाहिले होते. तरीही पंचवीस वर्षांनंतरसुद्धा ‘पाहिले’ एवढे म्हणण्याची त्यांना धास्ती वाटावी, यावरून त्या काळाची कल्पना यावी. वैद्यांनी गोडसे भटजींच्या निधनानंतर ‘माझा प्रवास’ या नावाने ही बखर प्रसिद्ध केली, ती १९०७ सालीच. मात्र छापताना त्यांनी तिच्यात बरेच फेरफार केले. भटजींची मूळ प्रत १९२२ मध्ये पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आली, आणि तिच्यावरून महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी सिद्ध केलेली शुद्ध आवृत्ती वाचकांच्या हाती पडण्यास १९६६ साल उजाडावे लागले. म्हणजे एका भिक्षुकाने डोळ्यांनी पाहिलेली हकिकत त्याच्याच शब्दांत लोकांपुढे येण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली!

आता लंडनकडे वळू.

उत्तर लंडनमधील हायगेट भागात ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू येथे ‘इंडिया हाउस’ नावाचे हिंदी विद्यार्थ्यांचे वसतिगृह १ जुलै १९०५ रोजी सुरू झाले. कच्छचे पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांनी स्वतःच्या पैशांतून ते उभे केले होते आणि इंग्रज समाजवादी पुढारी हाइंडमन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. श्यामजींनी तेव्हाच काही शिष्यवृत्त्या जाहीर केल्या; त्या घेणाऱ्याने पुढे सरकारी नोकरी करू नये, एवढीच अट. सरदारसिंह राणा यांनी ठेवलेली शिवाजी शिष्यवृत्ती घेऊन, लोकमान्य टिळकांच्या शिफारशीने, १९०६ च्या जुलैत नाशिकचा एक तेवीस वर्षांचा तरुण तेथे दाखल झाला. विनायक दामोदर सावरकर हे त्याचे नाव. बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये त्याने नाव घातले. परंतु त्याचा खरा अभ्यास चालू झाला तो इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात आणि ब्रिटिश म्युझियममध्ये.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. दडविलेला इतिहास म्हटला की कुठल्या तरी भुयारातील पेटी, मेणमुद्रा लावलेली कागदपत्रे, असे काहीसे मनात येते. सावरकरांना जे सापडले, ते बव्हंशी इंग्रजांनीच लिहून, छापून, कातडी बांधणी करून कपाटात ठेवलेले होते. सर जॉन के याने १८५७ च्या युद्धाचा इतिहास मोठमोठ्या खंडांत लिहिला होता आणि कर्नल मॅलेसनने तो पुढे पूर्ण केला होता. के हा साधासुधा ग्रंथकार नव्हता. हिंदुस्थानच्या राजकीय व गुप्त खात्याच्या लंडन कचेरीतील तो वरिष्ठ अधिकारी. त्यामुळे त्याच्या हाती कागदपत्रे मुबलक होती. अलाहाबादच्या आसपास कर्नल नील याच्या काळात सरसकट दिलेल्या फाशा, जाळलेली खेडी, विनाचौकशी झालेली शासने यांचे वर्णन के करतो आणि ते करताना त्याचा स्वर अवघडलेला आहे, हेही जाणवते. मात्र तो हे सारे लिहीत होता इंग्रज वाचकासाठी. हिंदी माणसाने ते वाचावे, नोंदी घ्याव्यात आणि सारी कथा उलट बाजूने मांडावी, ही कल्पना त्याला शिवलीही नसावी. म्हणून हा इतिहास दडविण्यासाठी कुलूप लावण्याची गरजच पडली नव्हती. इंग्रजी भाषा, दूरचे शहर, किमती खंड आणि ‘शिपायांचे बंड’ हे नाव एवढे कुलूप पुरेसे होते.

सुमारे दीड वर्षाच्या वाचनातून सावरकरांनी मराठीत ग्रंथ लिहिला. तो १९०८ च्या सुमारास पुरा झाला. त्याचे शीर्षक ‘१८५७ चे स्वातंत्र्यसमर’. हे बंड नव्हते, युद्ध होते. काडतुसांची चरबी हे निमित्त होते, कारण होते स्वधर्म आणि स्वराज्य. हिंदू व मुसलमान त्यात खांद्याला खांदा लावून लढले, हा त्याचा गाभा. मराठीतील मजकूर इंडिया हाउसमधील बंगाली, पंजाबी, मद्रासी, गुजराती तरुणांना कळणार कसा? म्हणून फ्री इंडिया सोसायटीच्या साप्ताहिक सभांमधून सावरकर या ग्रंथातील प्रकरणे इंग्रजीतून सांगत व वाचून दाखवीत. अशा रीतीने हा ग्रंथ कोणाच्या हाती पडण्यापूर्वीच कानांनी ऐकला गेला.

या वाचनांना कोण येत असत? बॅरिस्टरीचे, वैद्यकीचे, अभियांत्रिकीचे विद्यार्थी, आय.सी.एस.च्या परीक्षेची तयारी करणारे, म्हणजे ज्यांना उद्या इंग्रजांच्याच खुर्चीवर बसायचे होते असे तरुण. आणि लंडनमधील इतर हिंदी गृहस्थ. बहुतेकांचे शिक्षण इंग्रजी शाळांत झालेले. १८५७ त्यांनी इंग्रजी क्रमिक पुस्तकांतून शिकलेले. कानपूरच्या बीबीघरातील इंग्रज स्त्रियांची व मुलांची कत्तल त्यांना पाठ होती, नीलच्या फाशा ठाऊक नव्हत्या. अशा श्रोत्यांपुढे एक कृश अंगयष्टीचा तरुण उभा राहून कुंवरसिंहासारख्या जवळपास ऐंशी वर्षांच्या वृद्ध सेनानीची मोहीम सांगू लागला, तर त्यांच्या मनाची काय अवस्था झाली असेल याची कल्पना करता येते. आजोबांच्या पिढीने जे ओठांआड ठेवले, ते सातासमुद्रापलीकडे, इंग्रजांच्या राजधानीत, इंग्रजांच्याच भाषेत, त्यांच्याच ग्रंथांचे आधार देऊन त्यांना प्रथमच ऐकावयास मिळत होते.

सुदैवाने अशा एका वाचनाचा साक्षीदार आपणास ठाऊक आहे, आणि तोही इंग्रज. डेव्हिड गार्नेट हा तेव्हा १७ वर्षांचा मुलगा होता. त्याचे घराणे साहित्यिकांचे. आई कॉन्स्टन्स गार्नेट यांनी तुर्गेनेव्ह, टॉलस्टॉय, दोस्तोयव्हस्की हे रशियन लेखक इंग्रजीत आणले. झारच्या जुलमातून पळालेल्या रशियन क्रांतिकारकांची ऊठबस त्या घरी असे. लंडनमध्ये परीक्षेची तयारी करताना डेव्हिडची सुखसागर दत्त या बंगाली विद्यार्थ्याशी मैत्री जडली. अलीपूर बॉम्ब खटल्यातील आरोपी उल्हासकर दत्त यांचे हे बंधू. त्यांनी आपल्या या इंग्रज मित्राला इंडिया हाउसमध्ये नेले आणि तेथे डेव्हिडने सावरकरांना आपल्या ग्रंथातील प्रकरण वाचताना ऐकले. मदनलाल धिंग्रा यांनाही त्याने तेथेच पाहिले.

हा प्रसंग वाचकांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावा. हायगेटमधील ते घर, खोलीत दाटीवाटीने बसलेले हिंदी तरुण, आणि त्यांच्यात एकच गोरा पोरगा. त्याच्या देशाने ज्यांना राक्षस ठरविले, त्यांचे गुणगान त्याच्या समोर चालू आहे, आणि त्याला कोणी उठून जा म्हणत नाही. त्यालाही उठून जावेसे वाटत नाही. गार्नेट पुढे नामांकित कादंबरीकार झाला. १९२२ सालच्या त्याच्या पहिल्या गाजलेल्या कादंबरीला इंग्लंडमधील मानाची पारितोषिके मिळाली. १९५३ मध्ये त्याने आत्मचरित्राचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात इंडिया हाउसची ती भेट आवर्जून लिहिली. चव्वेचाळीस वर्षांनंतरही त्याला ती विसरता आली नव्हती, आणि वाचणाऱ्याच्या व्यक्तिमत्त्वाची छाप तर अजिबात पुसली गेली नव्हती.

पण त्या खोलीत मित्रांप्रमाणे दुसरेही कान होते. स्कॉटलंड यार्डचे गुप्तहेर इंडिया हाउसवर पाळत ठेवीतच. शिवाय हिंदुस्थानातून विद्यार्थी म्हणून आलेला एक हेर आतच राहत होता. तो पुढे उघडकीस आला आणि त्याला हाकलून न देता, त्याच्याकडूनच सोयीस्कर अहवाल लिहवून घेण्याची युक्ती इंडिया हाउसवाल्यांनी केली, असे सावरकरांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. वाचनांचा बोभाटा अर्थातच सरकारपर्यंत पोहोचला. हस्तलिखितातील दोनएक प्रकरणे नाहीशी झाली आणि ती स्कॉटलंड यार्डच्या हाती पडली, हे नंतर कळले. श्रोत्यांना जसे ते प्रकरण ऐकून भान हरपले, तसे ते वाचून सरकारचेही धाबे दणाणले, असेच म्हणावे लागेल. कारण त्यानंतर जे झाले, तसे क्वचितच घडते.

मराठी हस्तलिखित छपाईसाठी गुप्तपणे महाराष्ट्रात पाठविण्यात आले. परंतु पोलिसांनी छापखान्यांवर धाडी घालण्यास प्रारंभ केल्यामुळे ते मोठ्या शिताफीने पुन्हा युरोपात परत धाडावे लागले. जर्मनीत संस्कृत ग्रंथ छापले जातात, तेव्हा देवनागरी खिळे तेथे मिळतील या आशेने तिकडे प्रयत्न झाला. पण खिळे असले तरी जुळाऱ्यांना मराठीचा गंध नव्हता, त्यामुळे तो बेत सोडावा लागला. मग व्ही. व्ही. एस. अय्यर यांच्या देखरेखीखाली इंडिया हाउसच्या तरुणांनी इंग्रजी भाषांतर सिद्ध केले आणि १९०९ मध्ये हॉलंडमध्ये ते छापून झाले. ग्रंथकाराच्या नावाच्या जागी ‘एक हिंदी राष्ट्रवादी’ एवढेच शब्द होते.

सरकारने या पुस्तकावर बंदी घातली ती जुलै १९०९ मध्ये, म्हणजे ते बाहेर पडण्यापूर्वीच. जे पुस्तक अद्याप कोणी पाहिले नाही, छापले गेले की नाही हेही सरकारला नक्की माहीत नाही, त्यावर बंदी! सावरकरांनी लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहून नेमका हाच प्रश्न विचारला होता. मात्र सरकारच्या बाजूने पाहिले, तर त्यात विसंगती नव्हती. सरकारने पुस्तक वाचले नसले तरी ते ऐकले होते. बंदी घातली गेली ती वस्तुतः त्या रविवारच्या वाचनांवर.

बंदीनंतर प्रती हिंदुस्थानात आल्या त्या वेश पालटून. ‘पिकविक पेपर्स’, ‘डॉन किहोटे’ अशा निरुपद्रवी पुस्तकांची वेष्टने त्यांना चढविली गेली होती. जकात नाक्यावरील अंमलदाराला त्यात शंका घेण्याजोगे काय दिसणार? पुढे अमेरिकेत लाला हरदयाळ व गदर पक्षाच्या मंडळींनी, नंतर भगतसिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्तपणे या ग्रंथाच्या आवृत्त्या काढल्या. मे १९४६ मध्ये मुंबई प्रांतातील काँग्रेस मंत्रिमंडळाने बंदी उठविली. सदतीस वर्षे हा ग्रंथ कायद्याच्या लेखी अस्तित्वातच नव्हता, आणि तेवढाच काळ तो हातोहात फिरत होता.

येथवर आल्यावर एक अवघड प्रश्न टाळणे योग्य होणार नाही. जे त्या खोलीत वाचले गेले, ते सारे खरे होते काय?

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असेच आहे. सावरकर इतिहास लिहीत होते तो तरुणांना कृतीस प्रवृत्त करण्यासाठी, आणि हे त्यांनी लपविलेही नाही. एक उदाहरण पाहावे. नानासाहेब पेशव्यांचे वकील अझीमुल्ला खान १८५३ च्या सुमारास लंडनला गेले होते आणि रंगो बापूजीही त्याच सुमारापर्यंत तेथे होते. या दोघांची भेट झाली आणि उठावाचा आराखडा तेथेच आखला गेला, असे सावरकरांच्या ग्रंथात येते. ऐकणाऱ्याला हे किती भावले असेल! लंडनमध्ये जमलेल्या हिंदी तरुणांना, पन्नास वर्षांपूर्वीही या शहरात दोन हिंदी माणसे असाच विचार करीत बसली होती, असे सांगणे म्हणजे त्यांना पूर्वज मिळवून देणे होते. परंतु अशा पूर्वनियोजित कटाला सबळ पुरावा सापडत नाही. १९५७ च्या शताब्दीनिमित्त डॉ. सुरेंद्रनाथ सेन यांनी भारत सरकारसाठी लिहिलेल्या इतिहासात आणि डॉ. रमेशचंद्र मजुमदार यांनी स्वतंत्रपणे लिहिलेल्या ग्रंथात असा देशव्यापी कट असल्याचे नाकारले आहे. मजुमदारांना तर त्याला राष्ट्रीय स्वातंत्र्ययुद्ध म्हणणेही मान्य नव्हते. दोघांनीही कागद बारकाईने तपासले होते, आणि त्यांच्या आक्षेपांना बगल देता येत नाही.

तरीही एक भेद केला पाहिजे. तपशिलांत चूक असणे वेगळे आणि प्रश्न चुकीचा असणे वेगळे. ‘बंड’ हा शब्द खाली ठेवून, लढणारे कशासाठी लढले हे त्यांच्या बाजूने विचारण्याचे धाडस हिंदी माणसाने ग्रंथरूपाने इतक्या ठामपणे तोवर केले नव्हते. सेन व मजुमदार यांना १९५७ मध्ये ज्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले, तो प्रश्न १९०८ मध्ये त्या खोलीत उपस्थित झाला होता. एवढे श्रेय मान्य करण्यास कोणाचीच हरकत नसावी. हेही नोंदविले पाहिजे, की हिंदू-मुसलमानांच्या एकजुटीचा जो गौरव या ग्रंथात आहे, त्याचा आणि सावरकरांच्या उत्तरायुष्यातील राजकारणाचा मेळ घालणे त्यांच्या चाहत्यांना आणि टीकाकारांना सारखेच कठीण जाते. मात्र श्रोत्यांनी ऐकला तो १९०८ चा ग्रंथकार; पुढचा नव्हे.

श्रोत्यांचे पुढे काय झाले, हे सांगितल्यावाचून ही हकिकत अपुरी राहील. १ जुलै १९०९ रोजी मदनलाल धिंग्रा यांनी लंडनमध्ये सर कर्झन वायली यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि १७ ऑगस्टला ते फासावर गेले. वायलींना वाचविण्यास धावलेले पारशी डॉक्टर कावसजी लालकाका हेही त्यात प्राणास मुकले. त्यांचा कोणत्याही राजकारणाशी संबंध नव्हता, आणि हे नाव सहसा कोणी घेत नाही. इंडिया हाउस लवकरच बंद पडले. अय्यर वेषांतर करून निसटले व फ्रेंचांच्या पाँडिचेरीत जाऊन राहिले. आय.सी.एस.चे स्वप्न पाहणाऱ्यांपैकी काहींना पोलिसांपुढे जबान्या द्याव्या लागल्या, काही मुकाट्याने अभ्यासाला लागले. सर्वांनीच हुतात्मे व्हावे अशी अपेक्षा करणे आज घरी बसून सोपे आहे.

आणि तो इंग्रज मुलगा? धिंग्रा यांचे अखेरचे निवेदन सरकारने दाबून ठेवले होते. ते लंडनच्या ‘डेली न्यूज’मध्ये छापून आले, ते डेव्हिड गार्नेटने रॉबर्ट लिंड या पत्रकाराकडे पोहोचविल्यामुळे. १३ मार्च १९१० रोजी सावरकरांना लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावर अटक होऊन ब्रिक्स्टनच्या तुरुंगात ठेवण्यात आले, तेव्हा गार्नेट त्यांना भेटावयास जात असे. इतकेच नव्हे, तर त्यांना तुरुंगातून पळविण्याचा बेतही अठरा वर्षांच्या या पोराने रचला होता. तो फसला. त्यानंतर मार्सेलिसच्या बंदरात ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी बोटीतून मारलेली उडी सर्वश्रुत आहे. नाशिक प्रकरणातील दोन खटल्यांत मिळून त्यांना दोन जन्मठेपी, म्हणजे एकूण पन्नास वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

राहता राहिले ते मूळ मराठी हस्तलिखित. मादाम कामा यांनी ते पॅरिसमध्ये सुरक्षित ठेवले होते आणि महायुद्धाच्या धामधुमीत ते कायमचे नाहीसे झाले, असाच अनेक वर्षे समज होता. बंदी उठल्यावर १९४७ मध्ये मुंबईस इंग्रजी ग्रंथ उघडपणे प्रसिद्ध झाला, तेव्हाही मूळ मराठी प्रत गेली ती गेलीच, असे धरून चालले होते. प्रत्यक्षात ती अमेरिकेत होती. अभिनव भारतचे एक जुने सभासद, मूळचे गोव्याचे डॉ. कुटिन्हो, युरोपातून तिकडे जाऊन स्थायिक झाले होते. जाताना त्यांनी ते बाड बरोबर नेले आणि चार दशके जिवापाड सांभाळले. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी ते एका विश्वासू मराठी गृहस्थांच्या हाती दिले आणि १९४९ मध्ये ते मुंबईस सावरकरांकडे पोहोचले. लिहिले तेव्हा पंचविशीत असलेल्या ग्रंथकाराने ते पुन्हा हाती घेतले, त्या वेळी त्याचे वय ६६ वर्षांचे होते.